सत्तावीस बागांची एकच भुरी

समजा, तुमच्या डाव्या हातात द्राक्षाचा कोवळा खुंट आहे, करंगळीएवढा जाड, आणि उजव्या हातात चाकू. खुंटाला मधोमध चीर द्यायची. दुसऱ्या वेलाच्या काडीचं टोक पाचरीसारखं तासून त्या चिरेत बसवायचं. सालीला साल भिडली पाहिजे, नाहीतर काडी वाळलीच. मग पट्टी आवळून बांधायची आणि वाकलेल्या कमरेनेच पुढच्या खुंटाकडे सरकायचं. मिनिटाला एक, दिवसाला तीनशे.

माझी मावशी सव्वीस वर्षं हे करते आहे. सगळे तिला पाचरबाई म्हणतात. "हिनं पहिली पाचर माझ्या सुखात मारली," असं काका आल्यागेल्याला ऐकवतात. "तिला फूट मात्र अजून आली नाही," मावशी मान वर न करता म्हणते.

तिचे दोन नियम होते. एक, चाकू दोन. एक हातात, दुसरा ओळीच्या टोकाला स्टोव्हवर उकळत्या पाण्यात. एका वेलाचा चाकू दुसऱ्याला न उकळता लावायचा नाही. आणि दोन, काडी फक्त आपल्या परसातल्या वेलाची. "परक्या वेलाच्या पोटात काय आहे, कुणाला ठाऊक? घरचं ते खात्रीचं."

मी पिकांचे रोग तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काम करते. यंदा आमच्याकडे भुरी आली होती. भुरी म्हणजे बुरशी. पानांवर, मण्यांवर पीठ भुरभुरल्यासारखी दिसते आणि मणी तडकवते. आमच्या सरांना बघायचं होतं की तिच्यात जाती-पोटजाती किती. जितकी विविधता जास्त, तितकं एखादं औषध तिच्यावर फसण्याची शक्यता जास्त. बागा दाखवायला मी मावशीला घेतलं. डोंगराच्या अलीकडच्या, पलीकडच्या, मिळून एकोणतीस बागा, सगळ्या तिनेच कलम केलेल्या. दोन बागांत भुरी सापडलीच नाही. उरलेल्या सत्तावीस बागांत मी पानावर पारदर्शक चिकटपट्टी दाबायची, उचलायची आणि डबीत ठेवायची.

"पानाचे केस काढतेस काय गं?" मावशी हसली.

सत्ताविसाव्या बागेनंतर मी सहज तिच्या परसातल्या वेलाचाही नमुना घेतला. आणि ओढ्याकाठच्या रानद्राक्षांच्या वेलींचे अकरा, तुलनेला.

निकाल संगणकावर आला तेव्हा मला वाटलं, मी एकच नळी सत्तावीस वेळा भरली. बुरशीच्या डीएनएचे उंच-ठेंगणे टोकदार आलेख सगळीकडे तेच. सर म्हणाले, "झोपेत काम केलंस का? पुन्हा कर." नवे नमुने आणून पुन्हा केलं. तेच. रानवेलींच्या अकरा नमुन्यांत अकरा वेगळ्या भुऱ्या होत्या, अगदी गजबज. बागांत मात्र एकच, जणू एकाच बाईची सत्तावीस छायाचित्रं. आणि मावशीच्या परसातलीही तीच.

भुरीला दूर जायला नेहमी वारा लागतोच असं नाही. ती हिवाळाभर काडीच्या मिटलेल्या डोळ्यात, म्हणजे जिथून कोंब फुटतो त्या गाठीत, पापुद्र्यांच्या आत गुपचूप राहू शकते. डोळा फुटला की पहिल्याच कोंबावर पांढरी होऊन बाहेर येते. म्हणजे ती चाकूवर नव्हतीच. ती काडीत होती.

मी हे सांगितलं तेव्हा मावशी शेंगा सोलत होती. तिने ऐकलं. हातातली शेंग तशीच अर्धी उघडी.

"पण मी चाकू उकळत होते गं."

"चाकूचा दोष नाही, मावशी."

"प्रत्येक वेलाला उकळत होते!" ती ओरडली, मग स्वतःच्या आवाजाने दचकली. "सव्वीस वर्षं. बोटं भाजली. आणि ती डोळ्यात बसून माझ्याबरोबर हिंडत होती? माझ्याच पिशवीतून?"

काका दारात उभे होते. ते आत आले आणि तिच्यापुढच्या शेंगा ओढून स्वतः सोलायला बसले.

मी घाईघाईने समजावलं की हा पुरावा भक्कम असला तरी शेवटचा नाही, की तिच्या वेलात भुरी अलीकडेच आली असेल. तिने हात वर करून मला थांबवलं. "धीर देऊ नकोस. सोमवारचं काय?"

सोमवारी एका बागायतदाराकडे बाराशे खुंट तिची वाट बघत होते. काड्या इकडे मावशीने कापून ओल्या गोणपाटात बांधून ठेवलेल्या. ती गेली नाही तर त्याचा हंगाम बुडणार. गेली तर अठ्ठाविसाव्या बागेत तीच भुरी. आणि खरं सांगावं, तर पाचरबाईला पुन्हा कोण बोलावणार?

तिने माझ्यासमोरच फोन लावला, स्पीकरवर.

"दादा, माझ्या काड्या रोगट आहेत. त्या मी आणणार नाही."

"काय?" तो हसायला लागला. "पाचरबाई, सकाळी सकाळी थट्टा?"

"थट्टा नाही. आधीच्या बागांतली भुरीही माझ्याच वेलाची आहे, भाचीने तपासलं."

त्याने तिकडे घरघरणारा पंप बंद केल्याचं ऐकू आलं. मग तो म्हणाला, "अहो, माझ्या मेव्हण्याची बागही तुम्हीच केलीत." एवढंच. ना हो, ना नाही. फोन ठेवला.

मावशी परसात गेली. गोणपाट उघडून काड्या एकेक करून चुलीत घातल्या. ओल्या होत्या, धूर फार झाला. मग तिने माझी यादी मागितली आणि बोट ठेवत खाली उतरू लागली. जिथे भुरी सापडली नव्हती, त्या दोन नावांपाशी थांबली.

"या दोघांनाही काड्या त्याच दिल्या. त्याच आठवड्यात, एकाच पिशवीतून. मग यांच्याकडे ती का नाही? यांनी केलं तरी काय?"

तिने त्या दोन नावांखाली रेघ ओढली. "उद्या जाऊ दोघांकडे," ती म्हणाली. "विचारायला काय जातंय? पण आधी सांग, काडीतच मरत असेल का गं ती भुरी कधी?"