बोकडाच्या डोक्यावरचा हात

फाल्गुनातली दुपार, बाहेर पळस पेटलेला, आत चक्कीतून उतरणाऱ्या कोमट पिठाचा वास, आणि माझ्या मांडीवर बायबलमधलं लेवीयाचं पुस्तक उघडं, ज्याच्या पानांवर पांढरी साय धरत होती. एकोडीत बारा वर्षं मी ही चक्की चालवते. हातात घेतलेलं काम संध्याकाळपर्यंत संपवायचं, हा माझा स्वभाव. म्हणून ईस्टरआधीच्या उपवासकाळातल्या रविवारी जुन्या करारातल्या अर्पणांविषयी बायकांपुढे बोलायला चर्चच्या पाळकांनी सांगितलं, तेव्हा मी लगेच हो म्हटलं. उत्तर पाठच होतं: प्रभूने एकदाच स्वतःला अर्पण केलं, आता ते नियम आपल्यासाठी संपले. उरलं होतं ते नियम वाचणं, जे मी आयुष्यभर पानं उलटून टाळलं होतं.

वाचलं आणि हादरले. मला वाटायचं, बोकड याजकाच्या हवाली करायचा आणि आपण दूर उभं राहायचं. तसं नाही. ज्याचं पाप, त्याने त्या जनावराच्या डोक्यावर स्वतःचा हात ठेवायचा आणि सुरीही स्वतःच चालवायची. तळहाताला केसांची ऊब लागत असताना, शिंगांच्या मुळाशी उडणारी शीर बोटांना कळत असताना.

आणि मला सुशीलाचा डबा आठवला. सुशीला माझी शेजारीण, धानाची शेती करणारी. गेल्या पावसाळ्यात, रोवणीच्या दिवसांत मला बांधावर साप चावला तेव्हा तिनेच मला भंडाऱ्याच्या दवाखान्यात नेलं होतं. दिवाळी उलटल्यावर तिने गावदेवी मातामायपुढे नवसाचा बोकड कापला आणि माझा वाटा घेऊन चक्कीवर आली. नवसाचं मटण आम्हाला चालत नाही, एवढं सांगून भागलं असतं. पण चार बायकांसमोर मी म्हणाले, "तुमच्या देवीले रक्त कायले लागते वो? आमच्या देवाले नाई लागत." तिने डब्याचं झाकण नीट दाबलं आणि निघून गेली. तेव्हापासून तिच्या घरचं दळण साकोलीला जातं.

त्या दुपारी मात्र तिची सासू तांदळाची पिशवी घेऊन दारात उभी राहिली. घरचं पीठ सरलं होतं आणि गुडघ्यांना साकोली झेपत नव्हती. तांदूळ चक्कीत ओतून मी पुन्हा पुस्तक उचललं.

"काय वाचून राहिली वो मार्थाबाई?"

सांगितलं. म्हातारी खळखळून हसली. "म्हंजे तुमच्यातबी बोकड हायच! मंग त्या दिशी माह्या सुनेवर काहून भडकली?" आणि हसू विरायच्या आत म्हणाली, "तो बोकड तुह्यासाठीच तं होता, माय. तू दवाखान्यात निपचित पडली होती, तवा माही सून नवस बोलली होती. लहानपणापासून पाला चारून वाढवला होता त्याले. डोस्क्यावर हात ठेवला, तुहं नाव घेतलं, अन् रडली."

दगडावर दगड घासल्याचा करपट वास नाकात शिरला तेव्हा कुठे मी बटण बंद केलं. चक्की रिकामी फिरत होती. बारा वर्षांत असं कधी झालं नव्हतं.

चर्चमध्ये आम्ही येशूच्या रक्ताची गाणी टाळ्या वाजवत गातो. प्रभुभोजनाचा प्याला ओठांना लागतो तेव्हा माझ्या डोक्यात बहुतेक वेळा घरी भिजत घातलेल्या डाळीचा विचार असतो. कुणीतरी माझ्या जागी मेलं, हे वाक्य मी इतक्या वेळा उच्चारलं होतं, की त्यातलं मरण गळून गेलं होतं. बोकडामुळे मी जगले, असं मी मानत नाही. औषधाने जगले, देवाने जगवलं. पण तो मेला माझ्या नावाने, आणि त्याच्या वाट्याकडे पाहून नाक मुरडलं ते मी. त्याच पुस्तकात लिहिलं आहे, की नकळत केलेलं पापही कळल्या क्षणापासून आपलंच. आणि ज्याला बोकड नाही, पारव्यांची जोडीही जमत नाही, त्याने थोडं सपीठ आणावं, त्यावर तेल नको, धूप नको. क्रूसावर सगळं पुरं झालं, हे मी आजही मानते. म्हणून मला कुठेच हात ठेवायला नको, असं मात्र कुठे लिहिलेलं सापडेना.

म्हातारीची पिशवी उचलून मी तिच्याबरोबर गेले. सुशीला अंगणात लाखोळीची डाळ पाखडत होती. पिशवीतलं चिमूटभर पीठ तिने नाकाशी नेलं.

"करपलं वाटते."

"हो. चक्की रिकामी फिरली. अन् सुशीला, त्या दिशी मी बोलली, तेबी चुकलंच माह्यं."

तिने सूप खाली ठेवलं. मग एका हाताने शेजारचं बारदान माझ्याकडे सरकवलं. मी बसले. रविवारी काय बोलायचं ते मला सुचत नव्हतं. मी फक्त तिच्या त्या हाताकडे पाहत होते, भुशाने माखलेल्या, ज्याने एका उबदार कपाळावर माझं नाव ठेवलं होतं.