अर्जुनाची साल

चैत्रातला दुसरा रविवार, गावचा आठवडे बाजार. अर्जुनाच्या सालीच्या जुडीला साठ रुपये. हजर आम्ही तिघं: मी, माझी पत्नी सुधा आणि गोणपाटावर मुळ्या-साली मांडून बसलेल्या सखूबाई. सुधाच्या हृदयासाठी डॉक्टरांच्या गोळ्यांबरोबर या सालीचा काढाही आम्ही घरी करतो.

एरवी साल तळहाताएवढ्या चपट्या तुकड्यांत मिळते. झाडाच्या एका अंगाची तेवढीच काढायची, बाकीची राखायची, अशी रीत. या वेळी ती नळकांड्यासारखी गोल होती, आतून गुळगुळीत आणि लालसर. माझा हात सहज आत गेला. खोड चारी बाजूंनी सोललं होतं. असं झाड जगत नाही.

"सखूबाई, अख्खं झाड सोललंत?"

"अर्धं ठिवलं की मागनं दुसरा येतो आन् उरलेलं नेतो. मग मीच का ठिवू, दादा?"

"आता किती उरलीत?"

"वढ्याकाठी एक हाय."

"ते तरी राखा. हवं तर मी पैसे देतो."

त्या हसल्या. "माझ्या बापाचं हाय व्हय ते? मी राखीन, दुसरा नेईल."

"अहो, राहू द्या, चला," सुधा म्हणाली. उठताना तिला धाप लागली आणि तिने माझा खांदा घट्ट धरला. ओढ्याकाठचं ते झाड मी कधी पाहिलेलं नाही. ते दुसऱ्या कुणी नेलं तर, एवढीच भीती तेव्हा मनात उरली.

जुडीचे साठ रुपये सखूबाईंना दिले. वर पुढच्या जुडीचे साठ, आगाऊ.