खरी दिलीस

दिलीस प्रिचर्ड हे नाव पहिल्यांदा कानावर आलं तेव्हा "कुणाला, काय दिलीस?" असं माझ्या ओठांवर आलं होतं. वेल्श भाषेत दिलीस म्हणजे अस्सल, खरीखुरी. तिच्या बापाला जत्रेत कुणीतरी सोन्याचं म्हणून पितळी घड्याळ विकलं. तो हात चोळत घरी आला, तर पाळण्यात मुलगी. "हा तरी माल खरा आहे!" म्हणत त्यानं नाव ठेवून टाकलं.

नावाचा परिणाम गावानं भोगला. प्रवचन कसं झालं, असं पाद्रीबुवांनी विचारलं. दिलीस म्हणाली, "लांब." पुढं त्यांनी विचारणं सोडलं. त्यांच्या बायकोनं प्रदर्शनात मनुक्यांचा पाव मांडला, तेव्हा परीक्षक दिलीसच होती. "मनुका छान आहेत. विकतच्या ना?"

आता हे नाव असलेली गावात ती एकटीच उरली होती. नात झाल्यावर, आपलं नाव तिला मिळावं, एवढीच तिची इच्छा होती. ती तिनं अर्थातच स्पष्ट सांगितली. मुलगा योरवर्थ पोरीला जोजवू लागला. सून लाउरी मात्र हुशार. चहा पुढं ठेवून म्हणाली, "आई, तुम्हीच ठरवा. पण खरं सांगा हं, हिला हे नाव लाभेल?"

दिलीसनं नातीकडं बराच वेळ पाहिलं. चहा निवला.

"नाही," ती म्हणाली. "शाळेत काच फुटली की बाई मलाच विचारायच्या, कुणी फोडली. मला कुणी खेळायला घ्यायचं नाही. हिला जरा थापा मारता येऊ देत."

"मग तेस्नी ठेवू?" लाउरीनं हळूच विचारलं. तेस्नी म्हणजे उन्हाची ऊब.

दिलीसनं खिडकीकडं बोट दाखवलं. समोरचा डोंगर पावसात दिसेनासा झाला होता. "ऊन? इथं? धादांत खोटं नाव आहे." मग म्हणाली, "ठेवा."

योरवर्थला गहिवरून आलं. "आई, मधलं नाव दिलीस ठेवू या ना."

"मधल्या नावानं जेवायला कुणी हाक मारत नाही, योरी. उगीच समजूत काढू नकोस," ती म्हणाली. "आणि पोरीची मान धर नीट. दे इकडं."