आमशा वसावेचं कळण्याचं माप

आमशा वसावे टायरला आधी हात लावतो, मग डोळा. विसरवाडीच्या फाट्यावर ट्रक थांबतो, ड्रायव्हर उतरून आपलं रडगाणं सुरू करतो, पण आमशा त्याच्याकडे बघतही नाही. खाली बसतो आणि तळहात टायरवरून आडवा फिरवतो, एकदा इकडून, एकदा उलटा. एका बाजूने गुळगुळीत आणि उलट येताना खरखरीत लागलं, तर चाकं सरळ चालत नाहीत. मग मान वर करून एवढंच विचारतो, "खड्डा कोठे लागना?" आणि ड्रायव्हरला खड्डा आठवतोच.

त्याचं गाव अक्कलकुव्याच्या वर, डोंगरात. घरी बोली भिली, दुकानात अहिराणी, गुजरातच्या ड्रायव्हरांशी मोडकीतोडकी हिंदी. शाळा चौथीपर्यंत झाली. नंतर आईबापाबरोबर पुरुषोत्तमनगरच्या कारखान्याला ऊसतोडीला गेला आणि रबरी चाकांची बैलगाडी हाकायला शिकला. ऊस भरलेली गाडी वळणावर कशी एका अंगाला बसते, बाहेरच्या चाकावर कसं सगळं ओझं येतं, हे त्याने तेव्हा बघून ठेवलं. पुढे कारखान्याच्या गेटजवळच्या पंक्चरवाल्याकडे टायर उचकटायची टामी हातात घेतली, आणि बावीस वर्षांपूर्वी फाट्यावर स्वतःचं दुकान टाकलं. दुकानाला पाटी नाही. बायको तुळशीबाई मागच्या खोलीत राबते आणि तिच्या दोन शेळ्या गिऱ्हाइकांत हिंडतात. पाटीची गरजच पडली नाही.

त्या दुकानासमोर फेब्रुवारीत एक लाल हॅचबॅक येऊन उभी राहिली. गाडी बारा वर्षांची, चाकं मात्र नवी, चकाचक आणि मडगार्डाच्या चांगली अंगठाभर बाहेर आलेली. पुढच्या उजव्या टायरला पत्र्याने सोलून काढलं होतं.

"गाडीले मूळव्याध व्हयना का रे?" शेजारचा चहावाला हेमकांत ओरडला. "कशी फाकीसन चाली ऱ्हायनी!"

गाडीतून मुस्कान उतरली. नंदुरबारच्या भीकमचंद शेठची पोरगी. शेठचं पाइप आणि मोटारपंपांचं दुकान, ही दातांची डॉक्टर. आठवडाभर लोकांच्या दाढा बघायच्या आणि सवड मिळाली की गाडी पळवायची, हे तिचं वेड. गुजरातेत एका बंद पडलेल्या धावपट्टीवर महिन्यातून एकदा ट्रॅक डे भरतो. हौशी लोक आपापल्या गाड्या घेऊन जमतात आणि एकेकटे, घड्याळ लावून, वळणं घेत फिरतात. त्या दिवशी ती तिथूनच परत येत होती. न फिरता.

"गेटवरच हाकललं, आमशाभाऊ," ती म्हणाली. "चाकं बाहेर आली म्हणे. चाकं पत्र्याच्या आत असली तरच सोडतात. आता पप्पांनी सांगून टाकलंय. पुढच्या खेपेला पुन्हा परत पाठवली, तर गाडी विकायची."

"पुढली खेप कव्हय शे?"

"तीन आठवड्यांनी."

आमशा पुढच्या डाव्या चाकापाशी बसला. चाक उतरवलं. रिम आठ इंच रुंद, टायर दोनशे पंचवीस मिलिमीटरचा. ते चाक आत घासत होतं म्हणून विकणाऱ्याने मागे चकत्या टाकून बाहेर ढकललं होतं, आणि बाहेर ढकललं म्हणून ते पत्र्याला लागत होतं. आमशाने चकती काढून हातात तोलली.

"ताई, पायले जोडा लहान व्हयना तर बोटे कापतस का? तशी गत शे ही."

मग त्याने तुळशीबाईला हाक मारली आणि कळण्याचं पीठ भिजवून आणायला सांगितलं. कळणा म्हणजे ज्वारीत उडीद घालून दळलेलं पीठ. उडदामुळे ते असं चिकटतं की भाकरी थापताना हाताला सोडत नाही.

"खावानं पीठ गाडीले?" तुळशीबाई आतूनच कडाडली. "उद्या म्हनशी, गाडीले कोरड्यास बी दे!"

पण पीठ आलं. आमशाने लिंबाएवढे गोळे केले आणि चाकाच्या खळग्यात चार जागी चिकटवले. दोन बाहेरच्या पत्र्याच्या काठाला, दोन आत, शॉकअपच्या नळीला. चकत्यांशिवाय चाक चढवलं. गाडी हळू पुढे-मागे केली, स्टेअरिंग दोन्ही अंगांना पूर्ण फिरवलं. मग तो उठला आणि चहाच्या टपरीकडे बघून म्हणाला, "हेमकांत, तीन जाडा मानसे लई ये. आनि तू बी."

चौघांना त्याने गाडीत बसवलं नाही. डाव्या बाजूची दोन्ही दारं उघडून उंबऱ्यावर उभं केलं, टपाला धरून. गाडी डावीकडे कलली.

"सगळे एकाच बाजूला का?" मुस्कानने विचारलं.

"वळनवर गाडी दोन्ही पायवर नही ऱ्हास, ताई. एकच पायवर ऱ्हास. मोळ्यासनी गाडी हाकेल शे मी."

पुन्हा स्टेअरिंग फिरलं. चाक उतरवलं, गोळे काढून त्याने पुढ्यात मांडले. आतले दोन पापडासारखे झाले होते, आणि एकाच्या मधोमध तर भोक पडलं होतं. बाहेरच्या गोळ्यांवर टायरच्या नक्षीचा ठसा उमटला होता.

मुस्कानने तो ठसा उचलून उजेडात धरला आणि हसायलाच लागली. "आमशाभाऊ, आम्ही दाताचं माप असंच घेतो! मऊ लगदा चावायला देतो. दात कुठे टेकतो, किती जागा उरते, सगळं कळतं."

"मंग तुले काय सांगनं?" आमशा म्हणाला. "तूच देख. आत बी जागा नही, भायेर बी नही. आठ इंच बसनार नही. सात बसी. टायर एकशे पंच्याण्णवना."

तिचं हसू मावळलं. "एकशे पंच्याण्णव? तिथे सगळे दोनशे पंचवीस लावतात."

"त्यासन्या गाड्या भारी शेत. तुन्ही गाडी हलकी. हलकी गाडी फार रुंद चाकवर पोहस, रस्ता धरत नही. आनि तुन्हं मूळनं चाक पाच इंचनं व्हतं ना? सातवर टायर ताठ उभा ऱ्हाई, वळनवर आडवा पडाव नही. तुले रुंद जोयजे ते मिळनंच की. पन गाडीले मावी तितलंच रुंद."

तिला ते पटलं नव्हतं, हे तिच्या तोंडावर दिसत होतं. आमशाने वाद घातला नाही. भोक पडलेला पापड तिच्या हातात दिला आणि दुसऱ्या ट्रककडे गेला. ती बराच वेळ तो पापड बघत उभी राहिली. दातांच्या डॉक्टरला मापाशी खोटं बोलता येत नसावं. जाताना ती म्हणाली, "सात शोधा."

सात इंची चार रिमा शोधायला आमशा स्वतः अक्कलकुव्याला गेला. तिथल्या एका ओळखीच्या गॅरेजात सहा पडलेल्या होत्या. त्याने एकेक एक्सलवर चढवून फिरवली, काठाशी खडू धरला आणि ज्या दोन रिमांवर खडू मधेच उमटला त्या बाजूला टाकल्या. वाकलेल्या. गॅरेजवाला म्हणाला, "इतकं कोण बघतं?" आमशा म्हणाला, "फिरनारी पोर शे, भो. बठेल नही ऱ्हास ती." उरलेल्या चार त्याने घेतल्या आणि बदल्यात मुस्कानच्या आठ इंची चार, उतरल्या की, द्यायच्या ठरवल्या.

ट्रॅक डेला दोन दिवस उरले तेव्हा गाडी पुन्हा दुकानासमोर आली. या खेपेला भीकमचंद शेठही सोबत होते. त्यांना स्वतः बघायचं होतं. प्लास्टिकच्या खुर्चीत बसून त्यांनी आल्या आल्या टोला मारला, "आमशा, चाक रुंद कयं म्हनीसन पोट भरस का रे कोन्हं?"

"मन्हं भरस, शेठ," आमशा म्हणाला. हेमकांतचा चहा नाकातून आला.

नवी चाकं चढली. या वेळी चारही खळग्यांत गोळे लागले. स्टेअरिंग फिरलं, जाडे चौघं आधी डाव्या उंबऱ्यावर आणि मग उजव्या उंबऱ्यावर उभे राहिले. मधेच एक ट्रक हवा भरायला आला, म्हणून आमशा तिकडे गेला आणि सगळे चहाला टपरीत बसले. परत येऊन त्याने एकेक चाक उतरवलं. पुढचं उजवं, बोटभर जागा. पुढचं डावं, बोटभर. मागचं उजवं, त्याहून जास्त.

मागच्या डाव्या चाकाच्या खळग्यात बाहेरच्या पत्र्याला लावलेला गोळाच नव्हता. पत्रा साफ. चाटून पुसून काढल्यासारखा.

"गया!" हेमकांत म्हणाला. "टायरनी खाई टाकं पीठ."

मुस्कान जुन्या टायरांच्या थप्पीवर मटकन बसली. भीकमचंद शेठ उठले, झब्बा झटकला. त्यांच्या आवाजात राग नव्हता, उलट थोडी दयाच होती. "बस झालं, बेटा. दोन वेळा बघितलं ना? गिऱ्हाईक आहे माझ्या बघण्यात. चल."

मुस्कान थप्पीवरून उठली. गाडीची किल्ली मात्र तिने मुठीत धरून ठेवली.

आमशा अजून चाकाजवळच बसला होता. त्याने तळहात टायरवरून फिरवला. आत, बाहेर. मग टायरच्या खांद्यावर बोट घासून ते नाकाशी नेलं.

"शेठ, थांबा जरा. टायरनी खाई टाकं म्हनतस, तर मंग टायरना तोंडले पीठ का बरं लागेल नही?"

खरंच, टायर कोरडा होता. पिठाचा कणही नाही, पत्र्यावर रबराची रेघही नाही. आमशा हळूच उठला आणि दुकानाच्या मागे गेला. तिथून तुळशीबाईची चितकबरी शेळी कान धरून घेऊन आला. तिच्या ओठांवर, दाढीवर ओलं पीठ, आणि तोंड अजून हलत होतं.

"हाई देखा तुमनं टायर."

सगळ्यात आधी हसले ते भीकमचंद शेठ. इतके की त्यांना खुर्ची परत ओढून घ्यावी लागली. तुळशीबाई दारात येऊन म्हणाली, "मी सांगं व्हतं ना, खावानं पीठ शे ते!"

शेळी खुंट्याला बांधली. नवा गोळा लावला, जाडे चौघं पुन्हा उंबऱ्यावर चढले. चाक उतरलं तेव्हा गोळ्यावर टायर टेकला होता तेवढाच, आणि मधे बोटभर पीठ शाबूत. मुस्कानने तो गोळा स्वतःच्या बोटाशी लावून मापला.

उठता उठता शेठ म्हणाले, "आमशा, तू बी जाय तिन्हासंगे. परत धाडी दिन्ही तर तुन्हा डोयासमोर धाडू दे."

म्हणून त्या रविवारी सकाळी आमशा पहिल्यांदा त्या धावपट्टीवर उभा होता, इस्त्रीचा शर्ट घालून. त्याच्या आजूबाजूला मोठमोठ्या गाड्या आणि त्यांचे मोठमोठे मालक. गेटवर मागचाच तपासनीस होता. त्याने मडगार्डाच्या काठावरून दोरी सोडली. दोरीच्या टोकाला नट बांधलेला. दोरी टायरला न टेकता खाली गेली. चारही चाकांना. मग त्याने स्टेअरिंग फिरवायला लावलं, खळग्यात हात घालून चाचपलं आणि पुन्हा पुढे येऊन वाकून बघितलं. मुस्कान दोन्ही हातांनी स्टेअरिंग धरून बसली होती.

"सात इंच?" त्याने विचारलं. "आठ का क्या हुआ?"

"आठ बैठता नहीं, साब," आमशा म्हणाला.

"हां, पिछली बार मैंने भी यही बोला था." आणि त्याने दारावर आकड्याचा कागद चिकटवला.

ती आत गेली. पहिल्या वळणावर लाल गाडी डाव्या अंगाला बसली, ऊस भरलेल्या गाडीसारखी, आणि तशीच धरून राहिली. बाकीचे लोक घड्याळ बघत होते. आमशा डोळे मिटून ऐकत होता. रबर पत्र्याला लागलं की कसा आवाज येतो, हे त्याच्याइतकं कोणाला ठाऊक असणार? तो आवाज नव्हता.

तेवढ्यात त्याचा फोन वाजला.

"आमशा, परत धाडी दिन्ही का रे?" भीकमचंद शेठ. दुकानातून बोलत होते, मागे गिऱ्हाइकाचा गलका.

"नही, शेठ."

"मंग कोठे शे ती?"

"फिरी ऱ्हायनी. आयका."

आमशाने फोन तारेच्या कुंपणावर उंच धरला. गाडी समोरून गेली, लांब वळली, परत आली, पुन्हा गेली. त्याने फोन कानाला लावला. मागून कोणीतरी दोन इंची पाइपचा भाव विचारत होतं.

"थांब रे भो, जरासा," शेठ त्या गिऱ्हाइकाला म्हणाले. मग हळू आवाजात विचारलं, "घासस का रे कोठे?"

"नही, शेठ. कोठेच नही."

"मंग फोन बंद नको करू. धर तसाच."