देवीचा उजवा

गुरवीणकाकीनं आमच्या गावदेवीशी अबोला धरला होता. पूजा चुकवली नाही बरं का. पहाटे आंघोळ घालायची, शेंदूर लावायची, लुगडं नेसवायची, पण सगळं तोंड फुगवून. काही सांगायचंच झालं तर आमच्यापैकी कुणालातरी मध्ये घालायची. "अगो, तिला सांग, नैवेद्याला उशीर व्हईल. गॅस संपलाय." मग मी हात जोडून देवीला सांगायची की नैवेद्याला उशीर होईल, गॅस संपलाय. देवी समोरच बसलेली, तिनं ऐकलेलं असणारच. पण आईबापांच्या भांडणात पोरं निरोप पोचवतात तसे आम्ही ते पोचवत होतो.

मी चामटोलीत सून म्हणून आले तेव्हा मात्र या दोघींचं भारी गूळपीठ होतं. काकीचे यजमान देवळाचे गुरव. ते गेल्यावर पूजा कुणी करायची यावर गाव चर्चा करत बसलं, आणि काकी दुसऱ्याच दिवशी कळशी घेऊन देवळात शिरली. चर्चा तिथेच संपली. देवीला ती आई म्हणायची, पण बोलायची थोरल्या जावेशी बोलावं तशी. कांदा किती महागला, कुणाच्या सुनेनं काय केलं, बारवी धरणात पाणी कुठवर चढलं, सगळं देवीच्या कानावर घालत घालत निऱ्या चालायच्या.

काकीची खरी ख्याती कौलाची. देवीच्या पाषाणावर दोन्ही बाजूंना ओली फुलं चिकटवायची, गाऱ्हाणं घालायचं आणि वाट बघायची. उजवीकडचं फूल आधी पडलं तर होकार, डावीकडचं पडलं तर नकार. मात्र उजवा म्हणजे देवीचा उजवा. ती आपल्याकडे तोंड करून बसलेली, त्यामुळे तिचा उजवा तो आपला डावा. बदलापूरच्या नव्या कॉम्प्लेक्समधली मंडळी इथेच फसायची. फूल पडलं रे पडलं की "हो गया, उजवा मिळाला!" म्हणून टाळ्या. काकी शांतपणे म्हणायची, "तुजा उजवा गावला, बाबा. आईचा डावाच हाय." त्या माणसाचा चेहरा असा उतरायचा की आम्हाला हसू आवरत नसे.

काकीला एकुलती एक मुलगी, वैशाली. तिला उल्हासनगरचं स्थळ सांगून आलं. मुलगा कंपनीत कामाला, स्वतःची खोली, देण्याघेण्याची अट नाही. काकी हरखून गेली. वैशाली माझ्यासमोर तिला म्हणाली, "आई, मना नको तो. त्याची नजर बरी नाय." काकीनं हात झटकला. "तुजं नको नि माजंबी नको. आईला विचारू." दुसऱ्या दिवशी पहाटे तिनं एकटीनंच कौल लावला आणि घरोघरी सांगत आली, उजवा मिळाला. खुद्द देवीनं होकार दिल्यावर पोरगी काय बोलणार? लग्न झालं.

वर्ष सरायच्या आत वैशाली परत आली. हातात एक पिशवी आणि हनुवटीखाली काळानिळा डाग. काकीनं तिला आत घेतलं, पाणी दिलं आणि पदर खोचून तडक देऊळ गाठलं. तिचा आवाज रस्त्यापर्यंत येत होता. "तू हो बोल्लीस! आजपासून तुजं-माजं बोलनं बंद." त्या दिवसापासून कौलही बंद झाला. कुणी विचारायला आलं तर म्हणायची, "तिचं काय खरं नाय. तुमचं तुमी ठरवा." गाव कुरकुरलं, पण काकीपुढे तोंड उघडायची कुणाची छाती नव्हती. वैशालीनं रीतसर फारकत घेतली, अंबरनाथला शिवमंदिराच्या रस्त्यावर एका हारवाल्याकडे कामाला लागली आणि काही वर्षांनी पुन्हा पहिल्यासारखी हसायला लागली.

त्या दुकानात टेम्पोनं फुलं आणणाऱ्या दिनेशनं तिला मागणी घातली. ती घालायला तो सरळ काकीच्या ओटीवर येऊन बसला. भावकी म्हणाली, या वेळी तरी नीट कौल घे. काकी नुसतं "बगते" म्हणाली. पुढच्या मंगळवारी मी देवळात हार ओवत बसले होते. काकीनं फूल भिजवलं, देवीपाशी नेलं आणि तिचा हात तिथेच थांबला. आता निरोप सांगायला मला बोलावणार, म्हणून मी उठायला लागले. पण ती थेट देवीशीच बोलली.

"तू डावाच दिला व्हतास गो आई. फूल तुज्या डाव्याला पडलं व्हतं. मी माजा उजवा धरला. मना त्याची खोली दिसत व्हती, नोकरी दिसत व्हती. पोर नाय म्हनली, तू नाय म्हनलीस, नि मी तुज्यावरच रुसले."

सगळ्या गावाला उजवं-डावं शिकवणारी ती बाई देवीच्या पायाशी बसून रडत होती. मलाही रडू आवरलं नाही. मागे नैवेद्याचं ताट घेऊन वैशाली कधीची उभी होती.

काकी डोळे पुसत उठली आणि ते फूल तिच्यापुढे धरलं. "आता आईला नाय विचारत. तू दे कौल."

वैशालीनं ताट खाली ठेवलं, फूल घेतलं. "उजवा," ती म्हणाली, आणि मग गालात हसली. "पन कुनाचा उजवा धरशील?" काकी वळून देवीकडे बघायला लागली. तेव्हा वैशालीच तिच्या शेजारी येऊन देवीकडे तोंड करून उभी राहिली आणि उजवा हात पुढे केला. "आता तुजा नि माजा एकच."

त्या दिवशी काकी देवीशी इतकं बोलली, इतकं बोलली, की नैवेद्याला खरोखरच उशीर झाला. मला निरोप सांगावा लागला नाही.

काकी गेली त्याला आता वर्ष होईल. दर मंगळवारी वैशाली पूजेला अंबरनाथहून येते आणि दिनेश टेम्पोतून फुलं उतरवतो. परवा माझ्या ऋचाला स्थळ आलं, म्हणून मी कौल लावायला गेले. वैशालीनं फुलं भिजवली, माझ्या मागे डोकावून बघितलं.

"ऋचा कुठाय?"

"कॉलेजला गेलीय."

तिनं फुलं परत ताटात ठेवली.

"वहिनी, तिला घेऊन या. आई थांबेल."