एकशेवीस फ्रेमचं मंगलाष्टक

माझ्या भाचीचं लग्न मोताळ्यात अर्ध्या तासात लागलं. मी काढलेल्या व्हिडिओत ते अजून लागतंच आहे.

मी बुलढाण्याच्या ज्युनियर कॉलेजात फिजिक्स शिकवून रिटायर झालो. वेळ, वेग, कंपनं यांवरून उभी हयात मी पोरांना हैराण केलं. त्यामुळे हौसेनं कॅमेरा घेतला तेव्हा त्याचं माहितीपुस्तक उघडायची मला गरज वाटली नाही. (पुढचं सगळं रामायण या एका वाक्यात आलं, पण तुम्ही वाचा.)

लग्न पल्लवीचं, माझ्या थोरल्या ताईच्या मुलीचं. तिचा भाऊ वैभव फौजेत. त्याला सुट्टी मिळाली नाही. तो जिथे होता तिथे फोन लागला तर लागला. लग्नाआधी एकदा लागला.

"मामा, बाकी काही नका काढू. आईनं मंगलाष्टक लिवलं ना, तिनं गायलेलं तेवढं मले पाह्यजे. त्यात माह्यं नाव हाय म्हणते."

"वैभव, तू मंडपातच बसलाय असं वाटंन तुले!" मी म्हणालो. असा शब्द देताना माझी छाती फार फुगते.

आता कॅमेऱ्यात व्हिडिओसाठी आकडे होते. पंचवीस, पन्नास, एकशेवीस. म्हणजे सेकंदाला तितकी चित्रं. आठवडी बाजारात मेथीच्या दोन जुड्या समोर आल्या तर आपण कोणती उचलतो? जाड! मी एकशेवीस उचलली.

"एवढे फ्रेम कायले लागते?" भाऊजींनी, म्हणजे ताईच्या नवऱ्यानं, विचारलं.

"भाऊजी, पंचवीसमध्ये हात हालला का धुरकट दिसते. एकशेवीस म्हणजे कसं, एकेक तांदूळ मोजून घ्या!"

"आपल्याले लग्न पाह्यचं हाय, तांदूळ कायले मोजा?" भाऊजी म्हणाले. मी हसून सोडून दिलं. अडाणी प्रश्नांवर मी वर्गातही असाच हसायचो.

दुसरी अडचण म्हणजे मी मामा. मंगलाष्टकांच्या वेळी मामानं नवरीच्या मागे उभं राहायचं असतं. तिथून मला पल्लवीचा गजरा उत्तम दिसत होता. पण तिच्या खांद्यावरून समोर माइकपाशी उभी राहून गाणारी ताईही दिसत होती. मी कॅमेरा डोळ्याला लावला आणि अक्षता न टाकणारा जगातला पहिला मामा झालो.

लग्नानंतर आठवड्यानं ताईच्या घरी आम्ही टीव्हीला कार्ड लावून बसलो. पडद्यावर पल्लवीचा हात वर निघाला. निघाला तो निघालाच! अक्षता उडाल्या आणि खाली यायचं विसरून गेल्या. मंडपातल्या ट्यूबलाइटी आळीपाळीनं डोळे मिचकावत होत्या. भाऊजींनी लग्नात एक जांभई दिली होती, ती सुरू झाली आणि आतली अक्कलदाढसुद्धा सगळ्यांनी नीट पाहिली.

"आवाज वाढव ना, भाऊ," ताई म्हणाली.

"वाढवला."

"मंग काऊन येऊन नाही राह्यला?"

भाऊजींनी टीव्हीला एक थाप मारली. मग मी ते माहितीपुस्तक काढलं. एकशेवीसवर चित्र संथ दिसतं, असं त्यात लिहिलं होतं. आणि त्यावर आवाज घेतला जात नाही. अजिबात नाही.

बाकी पाहुण्यांच्या मोबाइलमध्ये शोधलं. तिथे मंगलाष्टकाऐवजी "ए सरक ना बे, नवरदेव दिसून नाही राह्यला" हे मात्र खणखणीत ऐकू येत होतं.

ताई रागावली असती तर बरं झालं असतं. ती नुसती म्हणाली, "त्यानं एवढं एकच मांगलं होतं रे. आता काय धाडू त्याले?" मला त्या क्षणी स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटली.

पण फिजिक्सवाला हार मानतो का? "ताई, टीव्हीकडे पाहून तू आता गाय. ओठाले ओठ जुळव. मी मोबाइलवर घेतो!" (चित्राचा वेग वाढवता येतो, हे मला फार नंतर कळलं.)

ताई भोळी. पडद्याच्या वेगानं गायला लागली. "शु... ऊ... ऊ... भ... अ... अ..." दम तुटला, डोळे पांढरे झाले, आणि चहा टाकायला गेलेले भाऊजी आतून धावत आले.

"काय झालं? कोणाच्या पोटात कळ आली?"

शेवटी ताईनं टीव्ही बंद करायला लावला आणि डोळे मिटून सरळ मंगलाष्टक गायलं. ते गाणं वेगळं आणि माझा मुका व्हिडिओ वेगळा, असं दोन्ही वैभवला पाठवलं. मी फोनची वाट पाहत होतो, आणि तो येऊ नये असंही वाटत होतं.

आला.

"मामा, गाणं ऐकलं. पण व्हिडिओ रोज पाहून राह्यलो."

"त्यात आवाज कुठं हाय रे?"

"नाई ना. पण गाण्यात आई माह्या नावाशी थांबत नाही. व्हिडिओत थांबते. तिचे ओठ हालतच नाही. मले वाटलं मोबाइल अटकला. मंग दिसलं, ती आवंढा गिळून राह्यली. घरी माह्यावाचून काही अडत नसंन, असंच वाटे मले, मामा."

मंडपात ते थांबणं डोळ्याची पापणी लवावी एवढंच होतं. तिच्यासमोर उभ्या आम्हा कोणालाच ते दिसलं नव्हतं. पण मी संधी कशी सोडणार?

"म्हणूनच तं एकशेवीस लावले होते, लेका!"

"हाव, मामा. पण तिथूनच कॅमेरा झोक्यावानी वरखाली होऊन राह्यला. काऊन?"

"कोणीतरी मागून धक्का देला असंन."

"आईले इचारलं, तुमच्या मागं तं भिंत होती. आई म्हणते, मामा रडला."

रडलो होतो, वैभवचं नाव ऐकून, फार तर दोन सेकंद, तेही नवरीच्या पाठीमागे लपून. आता मोताळ्याला ताईकडे येणारा प्रत्येक पाहुणा माझं ते रडणं चहा पीत, निवांत पाहतो. आवाज आला नाही, हे एक बरं झालं!