पुढचे पाटे मऊ हवेत

शॉकअप आल्याचा फोन मला आला. वडखळच्या गॅरेजवाल्या दिनेश मिस्त्रीचा. "ताई, दादांच्या पिकअपचे शॉकअप आलेत. सांगा ना त्यांना, सकाळधरनं फोन करतोय, उचलत नायत." मी रोह्याजवळच्या अष्टमी गावात, माझ्या घरी भाकऱ्या थापत होते, हात पिठाने भरलेले. मला हसूच आलं. ज्या शॉकअपसाठी माझ्या भावाने त्या बिचाऱ्याचं डोकं खाल्लं होतं ते अखेर आले, तर हा पठ्ठ्या फोन उचलत नाही! झोपला असेल, मी कळवते, असं सांगून मी पेणला वहिनीला फोन लावला. तिने तो उचलला. "अगो वहिनी, दादाला सांग, त्याचे शॉकअप आले एकदाचे." तिकडून कुणाच्या तरी रडण्याचा आवाज आला... आणि मग वहिनी एवढंच म्हणाली, "तू ये गो." तव्यावरची भाकरी कोणी उतरवली, मला आजही माहीत नाही.

विलासदादा माझा थोरला भाऊ. पेणला आमचा गणपतींचा कारखाना. कारखाना म्हणायचं एवढंच, एक लांबलचक पत्र्याची शेड आणि तिच्यात वर्षभर उंदरापासून मुकुटापर्यंत सगळं वाळत पडलेलं. शेडच्या दारात वडिलांच्या वेळची पिकअप उभी असायची, गोल दिव्यांची, लांब नाकाची. रस्त्यावर तिच्या वयाची दुसरी गाडी आता दिसत नाही. लोक दादाला म्हणायचे, भंगारात दे आणि नवा टेम्पो घे. दादाला ते ऐकूच यायचं नाही. वहिनी लग्न होऊन आली ती याच गाडीतून, आणि मी गाडी शिकले तीही हीच, भात कापून झालेल्या शेतात. मी क्लच असा काही सोडायचे की गाडी उडी मारून बंद पडायची. "हळू सोड गो बाय, गाडी हाय ती, बैल नाय!" दादा ओरडायचा, आणि बांधावर बसलेले वडील हसून हसून बेजार व्हायचे.

माझ्या लग्नानंतर दादाने एक रीत पाडली. रोह्याच्या गिऱ्हाइकांचे गणपती मागे हौद्यात, पेंढ्यात नीट बसवून जायचे. माझ्या घरचा गणपती मात्र पुढे, माझ्या मांडीवर. छोटी शाडूची मूर्ती, दादाने स्वतःच्या हाताने केलेली, तोंडावर रुमाल टाकलेली. मी आदल्या दिवशी पेणला जायचं आणि त्याने आम्हा दोघांना, म्हणजे मला आणि गणपतीला, अष्टमीला आणून सोडायचं. नवरा म्हणायचा, रोह्यात काय गणपती मिळत नाहीत? मिळतात की. पण माहेर मांडीवर घेऊन येण्याचं सुख त्याला काय कळणार!

गेल्या वर्षी नागोठण्याच्या पुढे, रोह्याकडे वळल्यावर, तिथल्या नेहमीच्या खड्ड्यात गाडी अशी आपटली की माझे दात वाजले. मांडीवर काहीतरी कट् झालं. दादाने गाडी थांबवली, रुमाल उचलला. मोदकाचा हात मनगटातून सुटला होता. मी म्हटलं, अरे चिकटव ना, पूजा व्हायचीय अजून, कुणाला कळतंय? त्याने माझ्याकडे रोखून पाहिलं. "फुटलेला देव बहिणीच्या घरी बसवू मी?" गाडी परत पेणला. तिथून दुसरी मूर्ती घेऊन आम्ही निघालो तेव्हा दिवस कलला होता.  उतरताना दादा म्हणाला, "पुढच्या चाकांवरचे कमानीचे पाटे बदलायला हवेत. पुढल्या साली असं होणार नाय."

दिवाळीनंतर त्याचं पोटाचं दुखणं निघालं. पनवेलच्या डॉक्टरांनी आधी वहिनीला सांगितलं, मग आम्हाला, आणि त्याला सांगायची वेळ आली तेव्हा त्याला ते माहीतच होतं. औषधांनी तो पार वाळला. आणि अशात त्याने गाडीचं पुढचं काम काढलं. मला रागच आला. म्हटलं, "गाडीचे करतोस त्याच्या अर्धे लाड स्वतःचे कर." तर म्हणे, "माझे पाटे आता मिळत नायत गो बाजारात." मी हसले नाही. तोच एकटा हसला.

दिनेश मिस्त्रीचं म्हणणं सरळ होतं. नवे तयार पाटे मिळतात, जाड आणि कडक. टाकून द्या, पुन्हा बघायला नको. दादा म्हणाला, "कडक पाटे भाताच्या पोत्यांना. पोती काय बोंब मारत नायत. मला पुढचे पाटे मऊ हवेत." मग जुनेच पाटे काढले. रोह्याच्या कमानवाल्याकडे ते तापवून, ठोकून त्यांची कमान पुन्हा भरून घेतली आणि एक पाटा कमी केला. दादाची तपासायची तऱ्हा मात्र जगावेगळी. रंग न दिलेली एखादी मूर्ती मांडीवर घ्यायची, मी बसते त्या डाव्या सीटवर बसायचं आणि मिस्त्रीला म्हणायचं, चालव. एकदा मीही मागे हौद्यात बसून गेले होते. केबिनच्या मागच्या खिडकीतून त्याची मान दिसत होती. प्रत्येक खड्ड्याला ती आखडायची. दुखण्यामुळे बारीकसा दचकाही त्याच्या पोटात कळ आणायचा, आणि कळ ओसरली की तो म्हणायचा, "अजून कडक हाय." मी म्हटलं, अरे, मिस्त्री बघेल ना, तू कशाला जीव काढतोस? तो म्हणाला, "आता माझ्याएवढं कुणाला कळतंय? हे दुखणं कायतरी कामाला येऊ दे."

हे वाक्य मला झोपू देत नाही.

पाट्यांच्या टोकांना बुश लागतात, बोल्टभोवती बसणाऱ्या छोट्या नळ्या. पितळी घ्यायचे की रबरी, यावर एक अख्खी दुपार गेली. मिस्त्री पितळीच्या बाजूने. "दादा, रबरी मऊ हायत, पण लौकर झिजतात. दोन वर्षांत परत माझ्याकडं याल आणि मलाच शिव्या द्याल." दादाच्या दुखण्याचं मिस्त्रीला कुणी सांगितलं नव्हतं. त्याला वाटायचं, काविळीने माणूस उतरलाय. दादा बुश हातात घेऊन दाबत राहिला. "झिजू देत. शिव्या द्यायला हिला पाठवीन," माझ्याकडे मान करून तो म्हणाला. मी कशाचं तरी निमित्त करून गॅरेजबाहेर गेले आणि वडखळच्या नाक्यावर, अलिबागच्या गाड्यांच्या गर्दीत तोंडाला पदर लावून उभी राहिले. रबरी बुशच बसले. मग राहिले फक्त शॉकअप. मिस्त्रीने आणलेला प्रत्येक जोड दादा हाताने दाबून बघायचा आणि परत पाठवायचा. शेवटी मिस्त्रीने त्याच्या मनासारखे मागवले. त्यांचं काय झालं ते वर सांगितलंच आहे.

दिवसकार्य उरकल्यावर पिकअप विकायची गोष्ट निघाली. वहिनी, जी कधी चारचौघांत बोलत नाही, ती म्हणाली, "आधी ते शॉकअप बसवा. त्यांनी मागवलेत." मिस्त्रीने ते बसवले. बसवताना तो माणूस रडत होता. कुणी मला सांगितलं का नाही, असं पुन्हा पुन्हा विचारत होता.

गणपतीच्या आदल्या दिवशी मी पेणला गेले. माझी मूर्ती फळीवर तयार होती. दादाने ती माघातच करून ठेवली होती, रंग वहिनीने दिला होता आणि डोळे त्याने उशीला टेकून बसून आखले होते. गाडी मी चालवणार होते. पण मूर्ती धरायची कुणी? वहिनी दारात उभी होती. "मी घेऊ?" तिने विचारलं. मग स्वतःच म्हणाली, "नको गो, माझ्या मांडीवर... लोक काय म्हणतील." मी म्हटलं, "लोकांना कोण बसवतंय गाडीत? तू बस." ती बसली.

नागोठण्याच्या वळणानंतरचा तो खड्डा तसाच होता, पाण्याने भरलेला. तिथे आलं की दादाचा डावा हात स्टिअरिंग सोडून माझ्यापुढे यायचा, मूर्ती आणि काचेच्या मधे. दर वर्षी. मी चिडायचे, दोन्ही हातांनी चालव म्हणायचे. या वेळी माझा हात आपोआप वहिनीपुढे गेला. गाडी खाली गेली आणि अलगद वर आली. रुमालसुद्धा हलला नाही. माझा हात तसाच राहिला, अडवायला काही नव्हतंच. "नाय बसला गो धक्का," वहिनी हळूच म्हणाली. व्हय, नाय बसला. त्याने सगळं नीट करून ठेवलं होतं. त्याच्या हाताची गरजच ठेवली नव्हती त्याने... आणि मला त्या मऊ चालणाऱ्या गाडीचा असा काही राग आला! मी ती बाजूला घेतली आणि स्टिअरिंगवर डोकं टेकून मोठ्याने रडले. वहिनीही रडत होती. पण दोन्ही हातांनी तिने मूर्ती धरली होती, तिला डोळे पुसता येत नव्हते.